मामाच्या कॅसेटमधले १४३ बाइट

हे प्रकरण एका घरातल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्रहाचं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम, झालेली चूक आणि तेव्हा घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत. यात एक चूक माझीही आहे.

पार्श्वभूमी

साठीच्या आसपासच्या एका मामाने घर आवरताना आपला संग्रह भाचीच्या हवाली केला. चार कन्सोल, म्हणजे खेळ चालवणारी यंत्रं, होते; चारही निन्टेन्डो कंपनीचे : एनईएस, सुपर एनईएस, निन्टेन्डो ६४ आणि गेम बॉय. सोबत ५८ कार्ट्रिज होती, म्हणजे कन्सोलमध्ये घालायच्या खेळांच्या डब्या. मामा त्यांना कॅसेटच म्हणतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी तोच शब्द असल्याने मीही तोच वापरतो. शिवाय एक जाडजूड वही होती, तिच्याकडे सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. मामाची अट एकच : "खेळायच्या. काचेच्या कपाटात ठेवून त्यांची पूजा करायची नाही."

भाची तिशीतली. लहानपणी मामाच्या शेजारी बसून तिने यातले निम्मे खेळ पाहिले होते, त्यामुळे आस्था खरी होती. हातही कुशल होता. ती सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग जोडण्याचं काम, शिकलेली होती आणि काम घाईत उरकणारी नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणातून झालेलं नाही.

जुन्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती कशी साठवली जायची, हे माहीत असल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सुरुवातीच्या बऱ्याच खेळांत काहीच साठत नसे. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. मग पासवर्ड आले. 'मेगा मॅन २' मध्ये ५ × ५ च्या चौकटीत ठिपके कुठे आहेत ते लिहून ठेवायचं. एनईएसच्या 'मेट्रॉइड' मध्ये तर २४ अक्षरांचा पासवर्ड होता. 'द लेजेंड ऑफ झेल्डा' जपानमध्ये १९८६ साली डिस्कवर आला तेव्हा प्रगती डिस्कवरच लिहिली जायची. १९८७ मध्ये तोच खेळ जपानबाहेर कॅसेटमधून आला, आणि त्या कॅसेटमध्ये एक छोटी मेमरी चिप आणि ती जागती ठेवणारी बॅटरी बसवलेली होती.

ही व्यवस्था पुढे कितीतरी कॅसेटमध्ये वापरली गेली. सुपर एनईएसच्या कॅसेटमध्ये साधारणपणे सीआर२०३२ ही ३ व्होल्टची, २० मिलिमीटर व्यासाची चपटी बॅटरी असते. कन्सोल बंद असताना मेमरीला वीज मिळते ती फक्त या बॅटरीकडून. ती संपली किंवा काढली की मेमरी रिकामी. खेळ वेगळ्या, कायमस्वरूपी चिपमध्ये असल्यामुळे तो शाबूत राहतो. जातं ते खेळणाऱ्याने केलेलं. सगळ्याच कॅसेट अशा नसतात : 'सुपर मारिओ ६४' बॅटरीशिवाय प्रगती जपतो, तर त्याच कन्सोलवरच्या 'ऑकरिना ऑफ टाइम' ला बॅटरी लागते. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही.

काय घडलं

भाचीने सुरुवात 'सुपर मारिओ वर्ल्ड' पासून केली. १९९० चा खेळ, मामाचा सर्वांत आवडता. कॅसेट लावली, पडदा उजळला आणि पहिल्या फाइलसमोर, म्हणजे साठवलेल्या प्रगतीच्या पहिल्या नोंदीसमोर, एक तारा आणि ९६ हा आकडा दिसला. या खेळात बाहेर पडण्याचे एकूण ९६ मार्ग आहेत. त्यांतले बरेच लपवलेले, कुठे किल्ली शोधून कुलपापर्यंत न्यायची, कुठे वरवर भिंत वाटणाऱ्या जागेतून जायचं. सगळे सापडले की आकड्याशेजारी तारा येतो. मामाने ते सगळे शोधले होते आणि ती नोंद इतकी वर्षं त्या चिपमध्ये टिकून होती.

भाचीला आनंद झाला आणि तिने ठरवलं की ही कॅसेट आधी सुरक्षित करायची. बॅटरी जुनी आहे, कधीही जाईल, तेव्हा आजच नवी बसवू. ३.८ मिलिमीटरच्या खास बिटने तिने स्क्रू काढले, बोर्ड बाहेर घेतला, जुनी बॅटरी सोल्डर वितळवून अलगद काढली, पत्रे जोडलेली नवी बॅटरी ध्रुव तपासून बसवली आणि सांधे अल्कोहोलने पुसले. मी नंतर तो बोर्ड भिंगाखाली पाहिला. इतकं स्वच्छ काम फार थोडे जण करतात.

कॅसेट परत लावली तेव्हा तिन्ही फाइलींसमोर 'रिकामी' असं आलं.

हा खेळ प्रत्येक फाइल चिपमध्ये दोनदा लिहितो, म्हणजे एक प्रत बिघडली तर दुसरी कामी येते. एका फाइलला लागतात १४३ बाइट, आणि त्यांतले शेवटचे दोन नोंद बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी. ही काळजी लिहिताना अडखळण्यापासून वाचवते. पण दोन्ही प्रती एकाच चिपमध्ये असतात आणि चिपची वीजच काढली तर दोन्ही जातात.

त्या रात्री तिने मला फोन केला.

पहिला निर्णय : सांगायचं की नाही

फोनवर तिचा पहिला प्रश्न तांत्रिक होता : परत मिळेल का? नाही, असं मी सांगितलं. अशा मेमरीची वीज गेल्यावर घरी किंवा दुकानात कुठल्याही उपकरणाने ते परत आणता येत नाही.

दुसरा प्रश्न अवघड होता. ९६ मार्ग पूर्ण झालेली तयार फाइल कुठूनतरी मिळवता येईल, किंवा बाइट बदलून बनवताही येईल. ती त्या कॅसेटमध्ये लिहिली तर पडद्यावर पूर्वीसारखाच तारा आणि ९६ दिसेल. मामाला कधीच कळणार नाही. त्याला वाईट वाटू नये एवढाच तिचा हेतू होता, आणि हे मी मनापासून लिहितो, कारण तिच्या जागी मलाही तेच सुचलं असतं.

तरीही मी ठामपणे नको म्हटलं. 'सुपर मारिओ वर्ल्ड' च्या २ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तो खेळ हरवणार नाही. उद्या ही कॅसेट फुटली तरी दुसरी मिळेल. त्या कॅसेटमध्ये एकमेव अशी एकच गोष्ट होती : त्या माणसाने घालवलेल्या संध्याकाळींची ती १४३ बाइटची नोंद. दुसऱ्या कुणाचे १४३ बाइट तिथे ठेवले तर आकडा तोच दिसेल, पण ती नोंद कुणाचीच नसेल. संग्रह करणाऱ्याने नकली लेबल चिकटवणं आणि नकली फाइल लिहिणं, यात मला तरी फरक वाटत नाही.

भाचीने एक दिवस घेतला आणि मग मामाला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हतं : "अगं, ती झेल्डाची उघडलीस का?"

तिने नाही म्हटलं.

"मग उघडू नकोस. त्यात माझ्या मित्राची फाइल असेल."

तो म्हणत होता ती सुपर एनईएसवरची झेल्डा, 'अ लिंक टू द पास्ट'. तिच्यात तीन फाइली ठेवता येतात. पहिली मामाची, दुसरी मामीची आणि तिसरी एका मित्राची. तो मित्र दोन वर्षं रोज संध्याकाळी खेळायला यायचा. पुढे नोकरीसाठी दूर गेला आणि हळूहळू संपर्क तुटला. हे मामाने आधी सांगितलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांनंतर त्या फाइली जिवंत असतील असं त्यालाच वाटलं नव्हतं.

इथून कामाचं स्वरूप बदललं. तोवर आम्ही ५८ वस्तूंचा विचार करत होतो. आता आधी हे पाहायचं होतं की कुठल्या कॅसेटमध्ये कुणाचं काय आहे.

पर्याय

मामाच्या आठवणीवरून आणि खेळांच्या तांत्रिक नोंदींवरून यादी केली. ५८ पैकी १९ कॅसेट बॅटरीवाल्या निघाल्या. मारिओ गेली, १८ राहिल्या. त्यांच्यासाठी चार मार्ग समोर होते.

पहिला, काहीच न करणं. याच्या बाजूने एक बळकट मुद्दा होता : उघडली नाही तर आपल्या हातून बिघडणार नाही. पण त्या बॅटऱ्या पंचवीस वर्षांहून जुन्या. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं आणि अखेरीस झपाट्याने उतरतं. आज मीटरवर २.९ व्होल्ट दिसले म्हणून अजून पाच वर्षं मिळतील, असं म्हणता येत नाही. अशा मेमरीला तग धरायला साधारण २ व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं की संपलं, आणि ते कधी झालं हे पुढच्या वेळी कॅसेट लावल्यावरच कळणार.

दुसरा मार्ग, वीज न तोडता बॅटरी बदलणं. कॅसेटचा उघडा बोर्ड चालू कन्सोलमध्ये लावायचा, म्हणजे मेमरीला कन्सोलकडून वीज मिळत राहते, आणि तेवढ्यात बॅटरी बदलायची. किंवा बाहेरून दुसरा ३ व्होल्टचा पुरवठा तात्पुरता जोडायचा. दोन्ही करता येतं, मी केलंही आहे. पण चालू बोर्डावर सोल्डरचा एक थेंब चुकीच्या जागी पडला तर फाइलच काय, चिपही जाऊ शकते. नीट अर्थिंग नसलेली सोल्डरिंग आयर्न वापरली तर वेगळाच धोका. मामाच्या मित्राची फाइल अशा कसरतीवर सोडायची मला हिंमत नव्हती.

तिसरा, आधी वाचायचं, मग बदलायचं, मग परत लिहायचं. कार्ट्रिज रीडर नावाचं उपकरण कॅसेटला वीज देतं आणि तिच्यातली मेमरी संगणकावर उतरवून घेतं. नव्या बॅटरीनंतर तीच फाइल परत त्याच चिपमध्ये लिहिता येते.

चौथा, फक्त वाचून ठेवायचं आणि बॅटरीला हात लावायचा नाही. भाचीचा कल इकडे होता. कारखान्यातून जशी आली तशी, मूळ सांध्यांसह कॅसेट राहावी असं बऱ्याच संग्राहकांना वाटतं आणि ते मला पटतं. पण मामाची अट खेळण्याची होती. बॅटरी मेली की खेळ चालतो, पण प्रगती साठत नाही. लांबलचक भूमिका-खेळांत, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दिवसेंदिवस चालणाऱ्या खेळांत, त्याचा अर्थ खेळ निकामी असाच होतो.

एक शंका उरली. परत लिहिलेली फाइल 'तीच' का? नकली फाइल नको म्हणणारा मी, कॉपी चालेल असं कसं म्हणतो, असं भाचीने सरळ विचारलं. त्या सगळ्या चर्चेतला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. माझं उत्तर असं : मित्राने खेळात जे मिळवलं ते त्या बाइटच्या क्रमात आहे. तो क्रम त्याच्या खेळण्यातून आला आणि एकाही बाइटचा फरक न होता पुढे गेला, तर ती त्याचीच फाइल. तयार मिळवलेल्या फाइलचा क्रम दुसऱ्या कुणाच्या हातून आलेला असतो. तिला हे पुरतं पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिसरा आणि चौथा मार्ग मिळून काम करायचं, यावर एकमत झालं : सगळ्या वाचायच्या, बॅटरी मात्र गरज असेल त्यांचीच बदलायची.

प्रत्यक्ष काम

सुरुवात मामाला शेजारी बसवून केली. प्रत्येक कॅसेट कन्सोलमध्ये लावायची, फाइलींच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि तो काय सांगतो ते लिहून घ्यायचं. पहिल्याच संध्याकाळी या बसण्याचं मोल कळलं. एनईएसचा झेल्डा बंद करताना भाचीचा हात थेट पॉवर बटणाकडे गेला आणि मामा जवळजवळ ओरडलाच : "रीसेट! रीसेट दाबून धर आधी!" ती त्याची जुनी लकब आहे असंच तिला लहानपणापासून वाटत होतं. पण तशी सूचना खेळासोबतच दिलेली होती. वीज उतरताना प्रोसेसर क्षणभर भरकटतो आणि सेव्हच्या मेमरीत काहीबाही लिहू शकतो. रीसेट दाबलेलं असलं की तो थांबलेला राहतो. मामाच्या बोटांना हे चार दशकं माहीत होतं.

त्याच बैठकीत ती जाड वही उघडली. आत 'मेगा मॅन २' च्या चौकटी पेन्सिलने आखलेल्या, ठिपके काळजीपूर्वक भरलेले. 'मेट्रॉइड' चे पासवर्ड, त्यांतल्या दोन ठिकाणी शून्य आणि ओ यांत फरक दाखवायला शून्यावर तिरकी रेघ. आम्ही एक पासवर्ड टाकून पाहिला. चालला. बॅटरी नाही, चिप नाही, कागदावर पेन्सिल, आणि एवढ्या वर्षांनी खेळ बरोबर तिथूनच सुरू झाला. ती वही आता आम्ही संग्रहाचा भाग म्हणून स्कॅन करून ठेवली आहे. खरं तर यादीत ती पहिल्या क्रमांकावर हवी.

मग वाचन. कॅसेटचे संपर्क कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले, काडी काळी निघायची थांबेपर्यंत. फुंकर मारायची नाही, हे मामालाच सांगावं लागलं. फुंकरीने कॅसेट चालायची असं आपल्या सगळ्यांना वाटायचं, पण कॅसेट काढून पुन्हा घातल्याने संपर्क नव्याने जुळायचा, फरक त्याने पडायचा. फुंकरीतली ओल उलट संपर्क खराब करते. धातूचं पॉलिश किंवा खोडरबरही वापरलं नाही, कारण वरचा पातळ मुलामा त्यांनी घासला जातो.

प्रत्येक कॅसेट तीनदा वाचायची आणि तिन्ही फाइली बाइट ते बाइट जुळल्या तरच पुढे जायचं, असा नियम केला. मित्राची फाइल असलेली झेल्डा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. सराव आधी ज्यांत काही हरवायचं नव्हतं अशा कॅसेटवर केला. ते बरोबरच ठरलं, कारण तिसऱ्याच कॅसेटला दोन वाचनं जुळली नाहीत. संपर्काच्या एका दातावर मळ उरला होता. पुसल्यावर तिन्ही जुळली. एकदाच वाचून बॅटरी काढली असती, तर चुकीची फाइल जपत बसलो असतो.

गेम बॉयच्या 'पोकेमॉन गोल्ड' मध्ये काहीच उरलेलं नव्हतं. १९९९ च्या त्या खेळात घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, त्यामुळे ती लवकर संपते. आणखी दोन कॅसेटच्या बॅटऱ्या आधीच मेलेल्या निघाल्या. एक सुपर एनईएसची कॅसेट उघडल्यावर बनावट निघाली : मूळ बोर्डावर असतो तो एसएचव्हीसी ने सुरू होणारा क्रमांक नाही, आणि नेहमीच्या चिपऐवजी काळ्या इपॉक्सीचा गोळा. मामाने ती इतर कॅसेटइतक्याच प्रेमाने जपली होती. आम्ही तिच्यावर तशी नोंद करून ती ठेवून दिली, संग्रहातून काढली नाही.

झेल्डा वाचली तेव्हा मामा खोलीत नव्हता. त्याने स्वतःच नको म्हटलं. तीन वाचनं, तिन्ही सारखी, ८ किलोबाइट. मग ती फाइल संगणकावर खेळात चालवून पाहिली. पहिल्या नावासमोर वीस हृदयं, म्हणजे खेळात मिळवलेली जीवनशक्ती. दुसऱ्यासमोर तेरा. तिसऱ्यासमोर मित्राचं नाव, मोठ्या अक्षरांत, शेवटची दोन अक्षरं जागा पुरली नाही म्हणून गाळलेली, आणि सात हृदयं.

निष्पत्ती

१८ पैकी तीन मेलेल्या, एक बनावट, १४ वाचल्या. त्यांतल्या १३ पूर्ण शाबूत. एका भूमिका-खेळातली एक फाइल आतून बिघडलेली होती. खेळ स्वतःच तिला ओळखत नाही, रिकामी समजतो. ती तशीच बिघडलेली जपली आहे. सगळ्या फाइली मिळून २०० किलोबाइटही भरत नाहीत. एका साध्या फोटोला याहून जास्त जागा लागते.

बॅटऱ्या बदलल्या नऊ : तीन मेलेल्या कॅसेटच्या, आणि वाचलेल्या १४ पैकी ज्या मीटरवर २.७ व्होल्टच्या खाली होत्या त्या सहांच्या. सहांपैकी पाचांत फाइल पहिल्याच प्रयत्नात परत लिहिली गेली. सहावीत लिहिल्यानंतरचं वाचन जुळेना. पुन्हा उघडल्यावर बॅटरीचा एक सांधा कच्चा निघाला, माझ्या हातचा. नीट केला, पुन्हा लिहिलं, जुळलं. वाचून ठेवलेलं नसतं तर त्या सांध्याने एक फाइल नेली असती. उरलेल्या आठ कॅसेट मूळ बॅटरीसह ठेवल्या आहेत, झेल्डा त्यांतच आहे. तिची बॅटरी २.९६ व्होल्ट दाखवते. दर सहा महिन्यांनी लावून पाहायचं ठरलं आहे.

मारिओची कॅसेट नव्या बॅटरीसह चालते. तिच्या पहिल्या फाइलमध्ये मामाने पुन्हा सुरुवात केली. मी शेवटचं पाहिलं तेव्हा आकडा ३८ होता. लपलेले मार्ग त्याला डोक्याने आठवत नाहीत, असं तो म्हणतो. पण त्या जागी पोचला की हात आपोआप वर उडी मारायला जातो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट माझी. मारिओच्या तीन आठवडे आधी भाचीने मला विचारलं होतं की कॅसेटची बॅटरी काढायला किती तापमान ठेवावं. मी तापमान सांगितलं, टोकाचा आकार सांगितला, बॅटरीला थेट सोल्डर करू नको, उष्णतेने फुटू शकते, पत्र्याची घे, हेही सांगितलं. "आत कुणाची फाइल आहे का?" एवढं विचारलं नाही. त्या एका प्रश्नाने सगळं टळलं असतं. आता मला कुणीही बॅटरीबद्दल विचारलं तर मी आधी तेच विचारतो आणि मगच तापमानाकडे वळतो.

दुसरी, क्रमाची. आम्ही मामाला नुकसान झाल्यावर शेजारी बसवलं. त्याला पहिल्याच दिवशी बसवायला हवं होतं. कन्सोल हातात घेण्याआधी, निदान दोन संध्याकाळी. कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे, रीसेट का दाबायचं, वहीत काय लिहिलंय, हे कुठल्याही नोंदीत नव्हतं. जुने संग्रह बहुतेक वेळा मूळ माणूस गेल्यावर हाती येतात. इथे तो धडधाकट होता, रोज फोनवर होता, आणि तरी आम्ही त्याला विचारलं नाही.

तिसरी, फाइलींची नावं. सुरुवातीला मी फक्त खेळाचं नाव दिलं. संग्रहात 'पोकेमॉन रेड' च्या दोन कॅसेट होत्या, एक मामाची, एक भाचीच्या लहानपणची. दुसरी वाचताना पहिलीवर लिहिली जाणारच होती. संगणकाने विचारलं म्हणून थांबलो. आता नावात खेळ, कॅसेट कुणाची, वाचल्याची तारीख आणि कितवं वाचन, एवढं असतं. प्रती तीन जागी, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

सहा जिवंत बॅटऱ्या बदलण्याबद्दल माझं मन अजून पूर्ण स्थिर नाही. फाइली सुरक्षित झाल्यावर घाई उरली नव्हती. त्यांतल्या दोन कॅसेट तर मामा फारशा खेळतच नाही. त्या तशाच ठेवल्या असत्या तर मूळ सांधे टिकले असते आणि काही बिघडलं नसतं. २.७ ही रेघ मी सोयीने आखली होती, आणि सपाट राहून अचानक उतरणाऱ्या बॅटरीच्या बाबतीत अशा रेघेला किती अर्थ आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खेळायच्या कॅसेट आणि जपायच्या कॅसेट अशी वाटणी करून मग ठरवायला हवं होतं. भाची हे तेव्हाच म्हणत होती.

भाचीने त्याच दिवशी सांगितलं असतं तर, हा प्रश्न मी तिच्यावर सोडतो. एका दिवसाने काही बिघडलं नाही. पण त्या दिवसात झेल्डा उघडायचा बेत होता. बिट टेबलावर काढून ठेवलेली होती.

झेल्डाची एक प्रत मी वेगळ्या कॅसेटमध्ये लिहून मामाला दिली आहे, म्हणजे मूळ कॅसेटला हात न लावता त्याला खेळता येईल. तो पहिली फाइल खेळतो. तिसरी उघडून पाहिली का, असं विचारलं तर म्हणाला, "एकदाच. किल्ला अर्ध्यात सोडलाय त्याने. मला रस्ता माहीत आहे, पण ते त्याचं त्याने करायचं." मित्राच्या जुन्या ऑफिसातल्या एकाचा फोन नंबर त्याला मिळाला आहे, आणि पडद्याचा फोटो छापून त्याने पाकिटात ठेवला आहे.